मालकांची नजर सहा बाय सहा

स्पिरिटचा दिवा पेटलेलाच होता आणि मालक बाटली वाकडी करून त्यात वरून स्पिरिट ओतत होते.

भर दुपार होती. उन्हाचा पट्टा थेट टेबलावर आला होता आणि उन्हात स्पिरिटची ज्योत चांगल्या डोळ्यांनाही दिसत नाही. पण दिव्यावरच्या तारेच्या घोडीवर चष्म्याची काडी ठेवलेली होती, ती मेणासारखी मऊ होऊन खाली लोंबत होती. म्हणजे खाली जाळ होता. एवढं मला दारातून कळलं. मालक टेबलाला पोट लावून उभे होते, त्यांना कळलं नाही. हाताला धग लागली नाही का, असं नंतर पुष्कळांनी विचारलं. लागली असेल. वैशाखात नगरला कशाची धग लागत नाही?

मी ओरडले, "मालक, दिवा पेटलेला हाय!"

"विझलाय. तुला काय कळतं," ते म्हणाले, आणि भडका उडाला.

बाटलीच्या तोंडातून जाळ निघाला तो त्यांच्या सदऱ्याच्या बाहीवर गेला. शेजारी कचकड्याच्या फ्रेमांचा खोका उघडा होता. कचकडा लाकडासारखा वेळ घेत नाही, फस्सकन पेटतो. माझ्या हातात बाजरीचं ताट होतं, ते मी तसंच्या तसं खोक्यावर उपडं केलं. चष्म्याच्या दुकानात बाजरी कशाला, ते पुढे सांगते. खोका जरा दबला, पण माणूस पेटलेलाच होता. आणि तो माणूस पेटता हात तोंडासमोर धरून गरगर फिरत होता आणि मलाच विचारत होता, "कुठं लागली? चौथी, कुठं लागली?"

त्यांना उजेड दिसत होता. उजेड कुठून येतोय ते दिसत नव्हतं.

समोरच्या दुकानातून रहिमभाई शिंपी धावत आले. त्यांच्या हातात शिवायला घेतलेला गरम कापडाचा कोट होता. तो त्यांनी मालकांच्या अंगावर टाकला, वरून स्वतःला टाकलं, आणि दोघं धाडकन खाली गेले.

त्यांना जरा वेळ तिथेच पडू दे. मालक कोण होते ते आधी सांगते.

मी त्यांच्या दुकानात पुष्कळ वर्षं काढली. मी श्रीगोंद्याकडची. नवऱ्यानं दुसरी केली, मी पोराला घेऊन नगरला बहिणीकडे निघून आले. ती गोष्ट इथे नको. कामाला ठेवताना मालकांनी एकच विचारलं, "वाचता येतं का?" मी म्हटलं, "चौथी पास आहे." त्या दिवसापासून माझं नाव चौथी. खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, मला शेवटपर्यंत शंका राहिली.

दुकान बाजारपेठेच्या मागच्या बोळात होतं, आगगाडीच्या डब्यासारखं लांबोळकं. वर घर, खाली दुकान. पुढच्या दारापासून मागच्या भिंतीपर्यंत बरोबर वीस फूट. डोळे तपासायला वीस फूट, म्हणजे सहा मीटर लागतात, म्हणून शोधून शोधून हे दुकान घेतलं, असं मालक गिऱ्हाइकाला सांगायचे. काकू, म्हणजे त्यांच्या बायको, म्हणायच्या, "दुसरं कुनी देत नव्हतं म्हनून घेतलं. फुटपट्टी नंतर आनली."

मागच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. छापील तक्ते मालकांना पसंत नव्हते. त्यांचं म्हणणं, छापील तक्ता कुणीतरी कुठेतरी पाहिलेला असतो आणि माणूस आठवून वाचतो. म्हणून त्यांनी पत्र्यावर पांढरा रंग देऊन काळी अक्षरं स्वतः काढली होती. वरती एक मोठा ठ, आणि खाली एकेक ओळ बारीक होत गेलेली, कशाला काही अर्थ नसलेली अक्षरं. सगळ्यांत खालची ओळ ज्याला वाचता आली त्याची नजर सहा बाय सहा, म्हणजे चोख. "डोळा खोटं बोलत नाही," ते म्हणायचे. "डोळ्याचा धनी बोलतो."

ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी माझं ताट होतं. निवडलेली बाजरी घ्यायची आणि तिच्यात मोजून वीस खडे मिसळायचे. गिऱ्हाइकानं किती काढले त्यावरून जवळची नजर ठरायची. घरी मी जन्मभर खडे काढले आणि दुकानात पगार घेऊन खडे घातले. लांबच्या नजरेसाठी दारात उभं करून समोर रहिमभाईंच्या दुकानातल्या टांगलेल्या कोटाची बटणं मोजायला लावायची. रहिमभाईंना याचा फार राग. "मालक, अख्खा नगर जिल्हा माझी बटनं मोजून ऱ्हायला! कापड बघायला कुनी येत न्हाई."

"तुमच्या कापडात बघण्यासारखं काय असतं?" मालक म्हणायचे.

गिऱ्हाईक दुकानाच्या दोन पायऱ्या कसं चढतं यावरूनच ते निदान करून टाकायचे. एकदा एक बाप आपल्या कॉलेजातल्या मुलाला दंडाला धरून घेऊन आला. तक्रार अशी की मुलगा माजलाय, रस्त्यात मामा भेटला तरी ओळख दाखवत नाही. मुलगा डोळे बारीक करून उभा. मालक म्हणाले, "डोळे कशाला मिटतोस? इथं मिरच्या भाजतायत का?" मग बापाकडे वळून म्हणाले, "पोरगं माजलेलं नाही, मायनस आहे. त्याला मामा म्हणजे लांबून नुसता एक सदरा दिसतो. सदऱ्याला कोण नमस्कार करणार?" चष्मा लावून तो मुलगा दारात गेला आणि समोरच्या छपराकडे बघत म्हणाला, "कौलं सुटी सुटी असतात?" त्याला इतकी वर्षं ते सगळं एकसारखं लाल पांघरूण वाटत होतं.

चष्मा ज्याला लागत नाही त्याला ते देत नसत. कँपातला एक शिपाई रुबाबासाठी काळ्या फ्रेमचा चष्मा मागायला आला, त्याला त्यांनी "आरसा घे, तुला तो लागतोय" म्हणून परत पाठवला. आणि ज्याला लागतो तो घेत नसेल तर त्याच्या मागे लागत. रहिमभाईंचंच घ्या. पंचेचाळिशीला आल्यावर त्यांना सुईत दोरा ओवेना. त्यांनी सुया बदलल्या, रिळं बदलली, दुकानातला दिवा बदलला. सुया बनवणारे हल्ली भोकच लहान पाडतात असं आम्हाला येऊन सांगितलं. मालक रोज दारातून ओरडायचे, "रहिमभाई, हात अजून थोडा लांब करा, दोरा माळीवाड्याला जाऊन ओवा!" हात आखूड पडायला लागला की चाळिशी आली समजावं, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शेवटी एका जाकिटाला रहिमभाईंनी दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या, तेव्हा मान खाली घालून पायऱ्या चढले. मालक त्या दिवशी एक शब्द टाकून बोलले नाहीत. चष्मा दिला, नाकावर नीट बसवला आणि ते गेल्यावर मात्र एवढे हसले की काकू जिन्यावरून खाली डोकावल्या.

दुष्काळाच्या साली रस्त्याच्या कामावरच्या बायका यायच्या. खडी फोडताना कपची उडून डोळ्यात जायची. एकीचा डोळा पार लाल गोळा झालेला मालकांनी बघितला. मग त्यांनी मला पिठाच्या चाळण्या आणायला पाठवलं. जुन्या मोडक्या फ्रेमा काढल्या, काचेच्या जागी चाळणीची जाळी कापून बसवली आणि कामावर वाटायला मलाच धाडलं. काच का नाही, मी विचारलं. "काच फुटून डोळ्यातच जाईल, अक्कल वापर." जाळीतून जेमतेम दिसायचं, पण कपची अडायची. मुकादम हसला, म्हणाला, बायका सगळ्या मास्तरणी झाल्या. पण आठ दिवसांनी स्वतःसाठी एक मागून घेऊन गेला.

त्यांचं वैर एकाच जातीच्या लोकांशी होतं. आठवड्याच्या बाजारात तेव्हा मोती पाडणारे बसायचे. मोतीबिंदू आलेल्या माणसाला उकिडवं बसवायचं, डोळ्यात सुई घालायची आणि पिकलेला मोती आतल्या आत खाली ढकलायचा. माणसाला तिथल्या तिथे दिसायला लागायचं. तो रडत पाया पडायचा, आणि आठवड्याभरात डोळा सडायचा, तोवर तो बाबा पुढच्या बाजाराला गेलेला असायचा. मालक हातात छत्री घेऊन त्या लोकांना हुसकायला जात. मोतीबिंदूचं गिऱ्हाईक दुकानात आलं की चष्मा द्यायला साफ नकार. "याला काच नाही. भिंतीला आरपार बघायचा चष्मा असतो का? डोळ्यातलं भिंगच गढूळ झालंय, ते डॉक्टरानं काढलं पाहिजे. आधी ऑपरेशन, मग माझ्याकडे ये." हे ते नरमाईनं सांगायचे. बाकी कुठल्याच रोगाच्या माणसाशी त्यांना नरमाईनं बोलताना मी ऐकलं नाही.

आता सोमवारचं सांगते.

दर सोमवारी दुकान उघडायच्या आधी मालक स्वतःची नजर तपासायचे. पुढच्या दाराशी स्टूल ठेवायचं, एका डोळ्यावर आमटीचा डाव धरायचा आणि वीस फुटांवरचा तक्ता खणखणीत आवाजात वाचायचा. ठ पासून शेवटच्या ओळीपर्यंत. मग डाव दुसऱ्या डोळ्यावर. मग उठायचं आणि म्हणायचं, "सहा बाय सहा. साठी उलटली तरी."

दिवाळीच्या आधी दुकानाला चुना दिला. तक्ता उतरवून कपाटामागे ठेवला होता. भिंत ओकीबोकी दिसते म्हणून त्याच खिळ्याला मी लक्ष्मीचं कॅलेंडर अडकवलं. तक्ता संध्याकाळी लावू, असा विचार. दुसऱ्या दिवशी सोमवार होता हे माझ्या ध्यानात नव्हतं.

मालक आले, स्टुलावर बसले, डाव धरला आणि वाचायला लागले. "ठ."

तिथे लक्ष्मीचा मुकुट होता.

मी फडकं हातात घेऊन उभी. ते वाचत गेले. चेहऱ्यावर दुसरी ओळ, हारावर तिसरी, हातातल्या मोहरा पडतात तिथे चौथी. शेवटच्या ओळीला जरा अडखळल्यासारखं केलं, मान पुढे काढली, डोळे बारीक केले आणि मग बरोबर वाचली. कमळ संपलं. "सहा बाय सहा," म्हणाले आणि डाव मला दिला. "काय बघतेस? चहा ठेव."

ते लबाडी करत नव्हते. लबाडी करणारा माणूस माझ्यासमोर एवढ्या थाटात बसला नसता. तक्ता त्यांनीच रंगवलेला, वीस वर्षं रोज दहा जणांकडून वाचून घेतलेला. तो त्यांच्या डोक्यातच छापला गेला होता. डोळे मिटले तरी त्यांना तो दिसत होता, आणि आपल्याला दिसतोय असंच त्यांना वाटत होतं. दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर त्यांनी पहिल्या पायरीवरच ओळखलं असतं.

मग माझ्या एकेक गोष्ट लक्षात यायला लागली. काचांच्या पेटीत कुठला नंबर कुठे आहे ते त्यांच्या बोटांना पाठ होतं. गिऱ्हाईक "हे बरं, ते वाईट" सांगणार, त्याला मालकांनी बघायची गरजच काय? बारीक स्क्रू ते नखानं चाचपून बसवत. फक्त काचेचा नंबर ओळखायला डोळा लागतो. काच खिडकीच्या गजासमोर धरून हलवायची. मायनस असेल तर गज काचेबरोबर सरकतो, प्लस असेल तर उलटा. हे काम मालकांनी वर्षभरापूर्वी मला दिलं होतं. "शिकून घे, चौथी, उपयोगी पडेल." मला वाटलं होतं मालक मला विद्या देतायत. मी बहिणीकडे जाऊन मिरवलंसुद्धा.

मी वर जाऊन काकूंना सांगितलं. काकू भाकरी थापत होत्या, थांबल्या नाहीत.

"मला दोन वर्सं ठावं हाय," त्या म्हणाल्या. "ताटात मीठ डावीकडं, चटनी त्याच्या खाली, ठरवून वाढते. येकदा जागा बदलली तर बोट चटनीत गेलं. तर म्हनतात कसे, 'मला चटणीच हवी होती.' आन अलीकडं डोळ्यात मध घालतात. उशीला मुंग्या लागल्या."

"मध? लोकांना तर शिव्या देतात मध घातला म्हनून."

"लोकांना देतातच की."

"मग तुमी बोलत का न्हाई?"

"मी बोलले तर जेवन सोडतात. तू पगारी मानूस, तू बोल."

"मी बोलले तर पगार सोडावा लागंल."

काकूंनी भाकरी उलटली. दोघी गप्प बसलो. त्यात माझा स्वार्थ होता, तो मी लपवत नाही. दुकान बंद पडलं तर मला बहिणीच्या चुलीपुढे बसावं लागलं असतं, आणि बहीण चांगली असली तरी चूल तिची होती. म्हणून मी त्यांची चूक सावरत राहिले. गिऱ्हाईक पायऱ्या चढताना मी मोठ्यानं म्हणायचे, "या आजोबा, जपून, काठी सांभाळा," म्हणजे मालकांना कळायचं कोण आलंय. दिवाळी ते वैशाख असे सहा महिने गेले. त्या दिवशी मी दारात एका बाईला ताट द्यायला गेले आणि टेबलाकडे माझी पाठ झाली. बाई ऊन लागतं म्हणून परत फिरली, मी वळले, तर मालक स्पिरिट ओतत होते.

तर आता त्या दोघांना जमिनीवरून उठवायला हवं.

कोटाखाली जाळ विझला होता. मी घागर आणून खोक्यावर ओतली. दुकानभर भाजल्या बाजरीचा वास सुटला होता. रहिमभाई मालकांच्या छातीवर बसून धापा टाकत होते.

"मालक, जित्ते हाय का?"

"आधी अंगावरून उठा. कोट कुणाचा?"

"नवरदेवाचा. चार दिवसांवर लगीन हाय."

मालकांनी डाव्या हातानं चाचपलं. "शिलाई कच्ची आहे. बाही निघून आली."

"अहो आंधळ्या मानसा, ती बाही तुमची हाय! कोटाची न्हाई!"

"आंधळा कुणाला म्हणता?" मालक उठून बसले. भुवया जळून गेल्या होत्या, उजवा हात कोपरापर्यंत सोलल्यासारखा झाला होता. "सोमवारीच तपासलेत. सहा बाय सहा."

मला तेव्हा काय झालं सांगता येत नाही. भीती गेली आणि राग आला. मी म्हटलं, "मालक, दिवाळीत तुमी तक्ता न्हाई वाचला. तक्ता कपाटामागं हुता. तुमी लक्ष्मीचं कॅलेंडर वाचलं."

दाराशी माणसं जमली होती.

"सगळं?" मालकांनी विचारलं.

"दोन्ही डोळ्यांनी."

"शेवटची ओळ कुठं आली?"

"कमळावर."

त्यांनी भाजलेला हात मांडीवर घेतला. मग म्हणाले, "आणि तू सहा महिने गप्प बसलीस?"

"व्हय."

"का?"

"नोकरी जाईल म्हनून."

"गेली," मालक म्हणाले. "उद्यापासून येऊ नकोस." मग रहिमभाईंनी त्यांना टांग्यात घालून दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. तिसऱ्या दिवशी काकूंचा निरोप आला की मालक विचारतायत, चौथी कुठे उलथली, काचांवर धूळ बसली आहे.

गेले तर ते वर खाटेवर होते, हात पट्टीत. मला खाली बसायला सांगितलं आणि भिंतीकडे बघत बोलले. त्यांच्या वडिलांना मोतीबिंदू होता. मोती पाडणारा घरी आणला होता. मालक तेव्हा लहान होते. "मला म्हणाले, बापाचं डोकं घट्ट धर. मी धरलं. तीन दिवस बापाला दिसलं. मला बघून म्हणाला, तुझे दात किडलेत. नंतर डोळा गेला, आणि त्याच्या दुखण्यानं दुसराही गेला." मग म्हणाले, "मला मोतीबिंदू असणं शक्य नव्हतं. म्हणून नव्हता."

मी म्हटलं, "लोकांना तर तुमीच सांगता, डॉक्टरकडं जा म्हनून."

"लोकांना सांगायला काय जातं?"

मी त्यांची समजूत घातली नाही. मला ती घालता येत नाही. मी एवढंच म्हटलं, "पुढच्या खेपेला रहिमभाई नमाजाला गेले असले तर?"

नगरजवळच्या एका शाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं होतं, तिथे आम्ही त्यांना घेऊन गेलो. हात बरा व्हायला महिना गेला होता, तेवढा वेळ ते कुरकुरत होते. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. तपासायला जवळ आल्या तर मालकांनी हात वर केला. "आधी तुम्ही तो भिंतीवरचा तक्ता वाचा."

"मी?"

"डोळ्यात सुरी तुम्ही घालणार ना? मग तुमची नजर मला कळायला नको?"

बाईंनी हसत वाचून दाखवला.

"आता शेवटून सुरुवातीकडे वाचा. पाठ असेल तुम्हाला."

तेही त्यांनी वाचलं. मग मालक मुकाट आडवे झाले.

तेव्हाचं ऑपरेशन आजच्यासारखं नव्हतं. डोळ्यातलं भिंग अख्खं काढून टाकायचे, टाके घालायचे आणि माणसाच्या डोक्याला दोन्ही बाजूंनी वाळूच्या पिशव्या लावून आठ दिवस उताणं निजवायचे. मान हलवायची नाही, खोकायचं नाही, शिंकायचं नाही आणि बोलायचं नाही. मालकांना न बोलणं म्हणजे काय ते मला विचारा. रहिमभाई रोज दुपारी यायचे, खाटेशेजारी बसायचे आणि इतक्या वर्षांत मालकांनी केलेल्या एकेका अपमानाचं सावकाश उत्तर द्यायचे. माळीवाड्याला जाऊन दोरा ओवा म्हणालात, त्याचं उत्तर एकदा. कापडात बघण्यासारखं काय असतं, त्याचं दुसऱ्यांदा. मालकांच्या पायाचा अंगठा तेवढा हलायचा. नवरदेवाचं काय झालं तेही तिथेच कळलं: तो रहिमभाईंच्या स्वतःच्या शेरवानीत बोहल्यावर उभा राहिला आणि फोटोत शोभून दिसला.

पट्टी सुटली तेव्हा कुणी रडलं नाही की हात जोडले नाहीत. भिंग काढलेल्या डोळ्याला चष्म्याशिवाय सगळं पाण्यात बुडाल्यासारखं दिसतं, हे मालकांना माहीत होतं. दीड महिन्यानं, जखम बसल्यावर, ते दुकानात गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले आणि मला म्हणाले, "घाल काचा."

मी जाड प्लसच्या काचा एकेक करून घातल्या. "हे बरं की ते बरं?"

"दोन्ही सारखंच."

"नीट बघून सांगा."

"बघतोच आहे! तू घाई करतेस." जन्मभर लोकांना विचारलेला प्रश्न आपल्यावर आला तर त्यांना उत्तर देता येईना. चौथ्या की पाचव्या काचेला ते एकदम पुढे वाकले. माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता काहीतरी चांगलं बोलतील.

"तुझं नाक केवढं मोठं आहे गं!"

"मालक, ते काचेमुळं."

"काचेमुळं तिसऱ्या हिश्श्यानं वाढतं. बाकीचं तुझं."

त्या जाड चष्म्यानं सगळं मोठं आणि जवळ दिसायचं. ऑपरेशन झालेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते बजावायचे की पायरी दिसते तिथे नसते, पाऊल जपून टाका, डोळे फिरवू नका, मान फिरवा. आणि स्वतः पहिल्याच दिवशी दुसऱ्या पायरीवरून बोळात पडले. चहा बशीच्या अलीकडे ओतला. काकूंनी मीठ मुद्दाम उजवीकडे वाढलं, तर ताटाकडे बघून म्हणाले, "जागा का बदलली?" काकू आत गेल्या. त्या दिवशी त्यांनी शिरा केला होता, हे मात्र मी पाहिलं.

पुढच्या थंडीत दुसरा डोळाही त्याच डॉक्टरीणबाईंनी केला. बाजाराच्या दिवशी मोती पाडणारा आला की मालक छत्री घेऊन जायचे, तसेच जात राहिले, फक्त आता जाड चष्म्यामुळे छत्रीचा वार एक वीत अलीकडेच पडायचा. मला त्यांनी आठवड्यातून एकदा कामावरून काढलं. मी ते मनावर घेतलं नाही.

माझे दोन्ही डोळे आता झालेत. वीस मिनिटं लागली एकेकाला. भिंग डोळ्याच्या आतच बसवतात, वाळूच्या पिशव्या नाहीत, काही नाही. मी रिक्षानं घरी आले आणि कुकर लावला. सुनेला म्हटलं तिचं नाक आहे तेवढंच दिसतंय, तर तिला काही कळलं नाही.

मालक त्या आगीनंतर अकरा वर्षं जगले आणि साध्या तापानं गेले. काकू त्यांच्यामागे चार वर्षांनी गेल्या. रहिमभाई नव्वदीला पोहोचले, शेवटपर्यंत दोरा स्वतः ओवत होते. त्या दुपारी दुकानात आम्ही तिघं होतो, तिघंही वाचलो. त्यातली आता मी एकटी आहे.